जागतिक नागरिकत्व शिक्षण

जागतिक नागरिकत्व शिक्षण म्हणजे विद्यार्थ्यांना आपले गाव, राज्य व देश यांच्याबरोबरच संपूर्ण मानवसमाजाचे घटक म्हणून विचार करण्यास व वागण्यास शिकवणारी शिक्षणविषयक संकल्पना होय. मानवी हक्क, शांतता, सांस्कृतिक विविधता, सामाजिक न्याय, पर्यावरणाचे रक्षण आणि देशादेशांतील परस्परावलंबन हे तिचे प्रमुख विषय आहेत. बहुतेक ठिकाणी हा स्वतंत्र विषय नसून नागरिकशास्त्र, इतिहास, भूगोल, भाषा व विज्ञान या प्रचलित विषयांतून तो शिकवला जातो. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकास ध्येयांपैकी ४.७ या लक्ष्यात त्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

जगाला एक सरकार, एक संविधान वा एक मतदारयादी नसताना ‘जगाचा नागरिक’ या शब्दांना नेमका कोणता अर्थ उरतो, हा या संकल्पनेपुढील मूळ प्रश्न आहे. शाळेत काय व कसे शिकवावे याविषयीचे अनेक मतभेद या प्रश्नाच्या निरनिराळ्या उत्तरांतून निर्माण झाले आहेत.

संज्ञा व अर्थ

कायद्याच्या दृष्टीने नागरिकत्व हे व्यक्ती व राज्य यांच्यातील नाते आहे. त्यातून मतदान, पारपत्र व संरक्षण यांसारखे हक्क मिळतात, तसेच कर भरण्यासारखी कर्तव्येही येतात. जागतिक नागरिकत्वाला असा कायदेशीर दर्जा नाही. युनेस्कोच्या मांडणीनुसार व्यापक समाजाशी व समान मानवतेशी असलेली आपलेपणाची भावना, असा त्याचा अर्थ आहे. ही भावना राष्ट्रीय नागरिकत्वाची जागा घेत नाही, तर त्याच्या जोडीने राहते, असे तिचे समर्थक मानतात.

ही कल्पना प्राचीन आहे. ग्रीक तत्त्वज्ञ डायोजेनीस याने आपण विश्वाचे नागरिक असल्याचे सांगितल्याची परंपरा आहे. स्टोइक पंथातील हिरोक्लीस याने माणसाच्या नात्यांची तुलना एकाच मध्याभोवती काढलेल्या वर्तुळांशी केली. सर्वांत आतील वर्तुळ स्वतःचे, त्यापुढे कुटुंब, आप्त, नगरवासी, देशबांधव आणि शेवटचे वर्तुळ सर्व मानवजातीचे. बाहेरची वर्तुळे मध्याकडे ओढून घेणे, म्हणजेच दूरच्या माणसाला जवळचा मानणे, हे सुजाण माणसाचे काम आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. अमेरिकी तत्त्वज्ञ मार्था नसबॉम यांनी १९९४ मधील देशभक्ती व विश्वनागरिकत्व यांवरील निबंधात याच विचाराच्या आधारे शालेय शिक्षणाची मांडणी केली. त्यावर बराच वाद झाला. त्यापूर्वी हॅना आरेंट यांनी नागरिक हा एखाद्या देशातील इतर नागरिकांमध्येच नागरिक असतो, त्याचे हक्क व कर्तव्ये त्या देशाच्या सीमांनी ठरतात, असा मुद्दा मांडला होता.

शांतता शिक्षण, मानवी हक्क शिक्षण, विकास शिक्षण व शाश्वत विकासासाठी शिक्षण या संकल्पना जागतिक नागरिकत्व शिक्षणाशी संलग्न असून त्यांच्या सीमारेषा परस्परांत मिसळलेल्या आहेत.

इतिहास

पहिल्या महायुद्धानंतर शालेय शिक्षण राष्ट्राराष्ट्रांतील वैर वाढवते की कमी करते, याचा विचार गांभीर्याने सुरू झाला. १९२४ मध्ये जिनिव्हा येथे राष्ट्रसंघ व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी आंतरराष्ट्रीय शाळा स्थापन झाली. राष्ट्रसंघाच्या बौद्धिक सहकार्य समितीने १९२५ मध्ये कासारेस ठराव स्वीकारला. पाठ्यपुस्तकांतील इतर देशांविषयी गैरसमज पसरवणारे उतारे संबंधित देशांच्या समित्यांनी परस्परांच्या निदर्शनास आणून द्यावेत, अशी त्यात तरतूद होती.

भारतात रवींद्रनाथ टागोर यांनी १९२१ मध्ये शांतिनिकेतन येथे विश्वभारतीची स्थापना केली. आक्रमक राष्ट्रवादावर त्यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नॅशनॅलिझम’ या व्याख्यानसंग्रहात टीका केली होती. विश्वभारतीत भारतीय विद्यांबरोबर चीन, तिबेट, जपान व युरोप येथील विद्वान आणि विद्याशाखांना स्थान मिळाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ मध्ये युनेस्कोच्या घटनेचा स्वीकार झाला. १९५३ मध्ये युनेस्कोने सहयोगी शाळांचे जाळे सुरू केले. प्रारंभी त्यात १५ देशांतील ३३ शाळा होत्या. १९ नोव्हेंबर १९७४ रोजी युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने आंतरराष्ट्रीय सामंजस्य, सहकार्य व शांतता यांसाठीचे शिक्षण आणि मानवी हक्कांचे शिक्षण यांविषयीची शिफारस स्वीकारली. शिक्षणाच्या प्रत्येक स्तरावर आंतरराष्ट्रीय दृष्टिकोन असावा, हे तिचे प्रमुख सूत्र होते.

ब्रिटनमधील ऑक्सफॅम या संस्थेने १९९७ मध्ये जागतिक नागरिकत्वाचा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये बर्नार्ड क्रिक यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या १९९८ च्या अहवालानंतर २००२ पासून माध्यमिक शाळांत नागरिकत्व हा विषय सक्तीचा झाला. संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन महासचिव बान की-मून यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या जागतिक शिक्षण उपक्रमात तीन प्राधान्ये होती: प्रत्येक मूल शाळेत आणणे, शिक्षणाची गुणवत्ता वाढवणे आणि जागतिक नागरिकत्वाची जोपासना करणे. २०१५ मध्ये ही संकल्पना शाश्वत विकास ध्येयांत समाविष्ट झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने १९७४ च्या शिफारशीची सुधारित आवृत्ती स्वीकारली. हवामान बदल व अंकीय तंत्रज्ञान यांचाही विचार तिच्यात करण्यात आला आहे.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

युनेस्कोने २०१५ मध्ये शिक्षक व अभ्यासक्रमकर्त्यांसाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात अध्ययनाची तीन क्षेत्रे सांगितली आहेत.

१. बोधात्मक: स्थानिक, राष्ट्रीय व जागतिक प्रश्नांचे आणि त्यांच्या परस्परसंबंधांचे ज्ञान, तसेच चिकित्सक विचार करण्याची क्षमता.
२. सामाजिक-भावनिक: समान मानवतेची जाणीव, सहानुभूती, एकजूट आणि भिन्नतेविषयी आदर.
३. वर्तनात्मक: अधिक शांततामय व शाश्वत जगासाठी जबाबदारीने कृती करणे.

या क्षेत्रांतील नऊ विषयांची मांडणी सुमारे ५ वर्षांपासून १८ वर्षांपर्यंतच्या चार वयोगटांसाठी केली आहे. विषय तेच राहतात. वयानुसार त्यांची खोली वाढते. ‘भिन्नता’ या विषयात लहान मुले आपल्यातील व इतरांमधील साम्य-भेद ओळखतात, तर मोठे विद्यार्थी भेदभाव कोणत्या संस्थांमुळे व कायद्यांमुळे टिकून राहतो, याचा शोध घेतात.

प्रचलित शालेय अभ्यासक्रमांत अनेकदा घर, परिसर, जिल्हा, राज्य, देश व शेवटी जग असा विस्तारत जाणारा क्रम असतो. ‘जवळून दूर’ या अध्यापनसूत्राशी तो सुसंगत आहे. मात्र दूरचित्रवाणी व मोबाइल यांमुळे मुलांपुढे युद्धाची किंवा पुराची दृश्ये फार लवकर येतात. त्यांचा अर्थ लावण्यासाठी वरच्या इयत्तेपर्यंत थांबणे योग्य नाही, असा आक्षेप या क्रमावर घेतला जातो. युनेस्कोच्या मार्गदर्शिकेत स्थानिक, राष्ट्रीय व जागतिक हे तिन्ही स्तर प्रत्येक वयोगटात एकत्र येतात.

अध्यापन पद्धती

वस्तूचा प्रवास: रोजच्या वापरातील एखादी वस्तू घेऊन ती कोठून आली, याचा मागोवा विद्यार्थी घेतात. सुती सदऱ्याचा प्रवास कापसाच्या शेतापासून सरकी काढणे, सूतकताई, विणकाम, रंगाई, शिलाई व विक्री असा होतो आणि हे टप्पे अनेकदा वेगवेगळ्या देशांत पार पडतात. प्रत्येक टप्प्यावर कोणाला किती मोबदला मिळतो, पाणी किती लागते, धोका कोण पत्करतो, असे प्रश्न विचारले जातात. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशातील सावार येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक व्यक्ती मरण पावल्या. त्यांपैकी बहुसंख्य जण परदेशी बाजारपेठेसाठी कपडे शिवणारे कामगार होते. खरेदीदार, कारखानदार व शासन यांच्या जबाबदारीची चर्चा करण्यासाठी ही घटना अभ्यासता येते. विदर्भातील विद्यार्थ्यांना घरच्या कापसाचा भाव व जागतिक बाजारपेठ यांचा संबंध याच पद्धतीने तपासता येतो.

यशस्वी सहकार्याचा अभ्यास: जागतिक प्रश्नांच्या सततच्या वर्णनाने विद्यार्थ्यांत हतबलता येऊ शकते. त्यामुळे सुटलेल्या किंवा सुटत असलेल्या प्रश्नांचाही अभ्यास आवश्यक मानला जातो. ओझोन थराचा ऱ्हास करणाऱ्या रसायनांवर नियंत्रण आणणारा १९८७ चा माँट्रियल करार आणि १९८० मध्ये जाहीर झालेले देवीच्या रोगाचे निर्मूलन ही त्याची दोन उदाहरणे होत.

अभिरूप सभा: विद्यार्थी निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधी होऊन संयुक्त राष्ट्रांच्या धर्तीवर चर्चा करतात. स्वतःला अमान्य असलेली भूमिका मांडण्याचा सराव हा या पद्धतीचा मुख्य लाभ आहे.

संयुक्त पाठ्यपुस्तके: एकच घटना दोन देशांच्या पुस्तकांत कशी मांडली आहे, याची तुलना केली जाते. फ्रान्स व जर्मनी यांनी माध्यमिक वर्गांसाठी इतिहासाचे समान पाठ्यपुस्तक तयार केले असून त्याचा पहिला खंड २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

शाळांची भागीदारी: दोन देशांतील शाळा पत्रव्यवहार, दृक्‌श्राव्य संवाद वा भेटी यांद्वारे जोडल्या जातात. मात्र एक शाळा सतत देणारी व दुसरी सतत घेणारी राहिल्यास मूळचे पूर्वग्रह अधिकच दृढ होण्याची शक्यता असते.

मूल्यमापन

ज्ञानाची चाचणी घेणे तुलनेने सोपे असले, तरी सहानुभूती व जबाबदारी यांचे मोजमाप कठीण आहे. विद्यार्थी अपेक्षित उत्तर लिहितो; त्याचे वर्तन तसेच असेल याची खात्री देता येत नाही. शैक्षणिक संपादणुकीचे मूल्यमापन करणाऱ्या आयईए या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००९, २०१६ व २०२२ मध्ये नागरिकत्व शिक्षणाचा आंतरराष्ट्रीय अभ्यास केला. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१८ च्या पिसा चाचणीत ‘जागतिक क्षमता’ हा घटक समाविष्ट केला. त्याची लेखी चाचणी २७ देश व अर्थव्यवस्थांनी स्वीकारली, तर इतर अनेक सहभागी देश तिच्यापासून दूर राहिले. भिन्न संस्कृतींतील विद्यार्थ्यांना एकाच मोजपट्टीने मोजता येईल का, हा त्यावरील प्रमुख आक्षेप होता.

लक्ष्य ४.७ ची प्रगती राष्ट्रीय धोरण, अभ्यासक्रम, शिक्षक-शिक्षण व विद्यार्थी-मूल्यमापन या चार बाबींवर ठरवली जाते. ही माहिती शासनांच्या अहवालांतून येते. त्यामुळे वर्गात प्रत्यक्षात काय घडते, हे तीतून पूर्णपणे कळत नाही.

भारतातील स्थिती

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५१ मध्ये आंतरराष्ट्रीय शांतता व सुरक्षितता यांचे संवर्धन करण्यासाठी राज्याने प्रयत्नशील राहावे, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. अनुच्छेद ५१ क मधील मूलभूत कर्तव्यांत सजीवांविषयी दयाबुद्धी, वैज्ञानिक दृष्टिकोन व मानवतावाद यांचा समावेश होतो. त्यामुळे भारतात राष्ट्रीय नागरिकत्वाच्या शिक्षणातच जागतिक जबाबदारीचा धागा आढळतो.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या निमित्ताने शांततेसाठी शिक्षण या विषयावर स्वतंत्र अभ्यासगट नेमण्यात आला होता. शांतता व शाश्वत विकास यांच्या शिक्षणाला वाहिलेली युनेस्कोची महात्मा गांधी संस्था २०१२ मध्ये नवी दिल्ली येथे सुरू झाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये भारतीयत्वाचा अभिमान व खरा जागतिक नागरिक घडवणे ही उद्दिष्टे एकत्र मांडली आहेत. जागतिक नागरिकत्व शिक्षणाचा नामनिर्देश मात्र त्यात उच्च शिक्षणाच्या भागात येतो.

महाराष्ट्रात बालभारतीच्या इयत्ता नववीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात संयुक्त राष्ट्रे, भारताचे परराष्ट्र धोरण आणि आंतरराष्ट्रीय समस्या यांवर प्रकरणे आहेत. मानवी हक्क, पर्यावरण, दहशतवाद व निर्वासित हे विषय त्यांत येतात. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात पौडजवळ १९९७ पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज ऑफ इंडिया हे निवासी विद्यालय आहे. कुर्ट हान यांच्या विचारांतून १९६२ मध्ये वेल्समध्ये सुरू झालेल्या शाळासमूहाचा ते भाग असून तेथे अनेक देशांतील विद्यार्थी एकत्र शिकतात.

टीका व मतभेद

दया की न्याय: व्हनेसा आंद्रेओटी यांनी २००६ मधील लेखात या शिक्षणाचे ‘सौम्य’ व ‘चिकित्सक’ असे दोन प्रकार मांडले. सौम्य प्रकारात गरीब देशांतील लोकांविषयी करुणा व मदत यांवर भर असतो. चिकित्सक प्रकारात विषमतेची कारणे, वसाहतवादाचा इतिहास व त्यातील आपला सहभाग तपासला जातो. पहिला प्रकार विद्यार्थ्याला उपकारकर्ता बनवतो, तर दुसरा त्याला उत्तरदायी मानतो, हा या भेदाचा मथितार्थ आहे.

राष्ट्रनिष्ठेशी संबंध: जागतिक निष्ठेमुळे राष्ट्रीय निष्ठा क्षीण होईल, अशी भीती काही जण व्यक्त करतात. उलटपक्षी, स्वतःच्या देशातील जात, धर्म व लिंग यांवर आधारित भेदभावाकडे दुर्लक्ष करून दूरच्या प्रश्नांवर बोलणे सोयीचे ठरते, अशीही टीका होते.

संधीची विषमता: परदेश प्रवास, इंग्रजी भाषा व आंतरराष्ट्रीय पदविका यांच्याशी जोडल्यास हे शिक्षण संपन्न कुटुंबांपुरते मर्यादित राहते आणि जागतिक नोकरीची पूर्वतयारी एवढेच त्याचे स्वरूप उरते. जागतिक बाजारपेठ, स्थलांतर व हवामान बदल यांची झळ मात्र शेतकरी, मच्छीमार व ऊसतोड कामगार यांच्या मुलांनाही बसते. या मुलांचा अनुभव अभ्यासक्रमात आधारभूत मानावा, अशी भूमिका या टीकेतून पुढे येते.

कृतीची मर्यादा: ग्रेटा थुनबर्ग हिने ऑगस्ट २०१८ मध्ये स्वीडनच्या संसदेसमोर सुरू केलेल्या शालेय संपानंतर अनेक देशांतील विद्यार्थ्यांनी शुक्रवारी वर्गाबाहेर राहून हवामान बदलाविषयी आंदोलन केले. शाळा कृतिशीलतेला अभ्यासक्रमाचे उद्दिष्ट मानते, परंतु विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष कृती केली तेव्हा अनेक ठिकाणी ती गैरहजेरी ठरली. विद्यार्थ्याला भावी नागरिक समजायचे की आजचा, हा या शिक्षणातील न सुटलेला प्रश्न यातून स्पष्ट झाला.