स्वर दाखवणारा हात

तबला शिकायला गेलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात डग्ग्यावर हात ठेवू देतील असं नाही, पण बोटं मोजायला मात्र लावतात. अंगठा करंगळीच्या मुळाशी टेकवायचा आणि एकेक पेर चढत टोकापर्यंत जायचं. तीन पेरं आणि चौथं टोक, म्हणजे एका बोटावर चार मात्रा आणि चार बोटांवर सोळा. त्रिताल पुरा झाला की अंगठा पुन्हा करंगळीशी, समेवर. मलाही ताल असाच शिकवला गेला. बसमध्ये, जेवणाच्या पंगतीत, वर्गात मागच्या बाकावर, कुठेही आवाज न करता रियाज चालायचा. वाद्य विकत घ्यायच्या आधीच माझ्याजवळ एक वाद्य होतं.

पुढे शाळेतल्या मुलांना गाणं शिकवायची वेळ आली तेव्हा हीच बोटं पुन्हा आठवली. वर्गात साठ मुलं आणि पेटी एकच, तीही भाता फुटलेली. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. ताल जर बोटांवर बसतो, तर स्वर का बसू नयेत?

स्वर बसतात आणि फार जुन्या काळापासून बसत आले आहेत. सामवेदाच्या परंपरेतल्या ‘नारदीय शिक्षा’ या ग्रंथात दोन वीणा सांगितल्या आहेत. एक दारवी, म्हणजे लाकडाची, आणि दुसरी गात्रवीणा, म्हणजे माणसाच्या अंगाची. ही दुसरी वीणा सामगायकांची. तिच्यात हातावर प्रत्येक स्वराची जागा ठरलेली असते. अंगठ्याच्या टोकावर क्रुष्ट, अंगठ्यावर प्रथम, तर्जनीवर गांधार, मध्यमेवर ऋषभ, अनामिकेवर षड्ज, करंगळीवर धैवत आणि तिच्या मुळाशी निषाद. आजही साम गाणारे अंगठा बोटांच्या पेरांना लावत स्वर मोजतात. महाराष्ट्रात शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेची घरं बरीच आहेत, त्यांच्या पठणात हात वर, खाली आणि बाजूला जातो. त्याला हस्तस्वर म्हणतात. हाताशिवाय केलेलं पठण शिक्षाग्रंथांनी सदोषच मानलं आहे. लिहून न ठेवता एवढा मोठा पाठ पिढ्यान् पिढ्या शुद्ध राहिला त्यात स्मरणशक्तीइतकाच या हाताचाही वाटा आहे.

पण हा हात फार थोड्यांचा होता. मुलींना आणि बहुतेक जातींना त्या वर्गाचं दार बंद होतं. शिकवायची इतकी चोख रीत हाती असूनही ती गावातल्या चार मुलांपर्यंतसुद्धा पोचू दिली गेली नाही. हे सांगितल्याशिवाय गात्रवीणेचा अभिमान धरणं मला खोटं वाटतं.

तालाचा हात मात्र सगळ्यांचा झाला. ‘नाट्यशास्त्रा’त तालाच्या क्रियांचे दोन वर्ग आहेत, आवाज करणाऱ्या सशब्द आणि आवाज न करणाऱ्या निःशब्द. त्रितालात आपण पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी देतो आणि नवव्या मात्रेला हात नुसता बाजूला नेतो. त्यामागचं तत्त्व तेच आहे. वाजणारा हात आणि न वाजणारा हात, या दोहोंनी मिळून काळाचा हिशेब. टाळी, टाळ आणि ताल हे शब्द एकमेकांना किती चिकटून आहेत ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. दिंडीत आईच्या कडेवर बसलेलं पोर टाळ्या वाजवायला लागतं तेव्हा त्याचा पहिला धडा झालेला असतो. त्यासाठी कुणी शाळा काढली नव्हती, फीही घेतली नव्हती.

स्वराच्या हाताची दुसरी परंपरा इटलीतली. अकराव्या शतकात ग्विदो नावाचा एक भिक्षू पोम्पोसाच्या मठात आणि नंतर आरेत्सो गावी चर्चमध्ये गाणाऱ्या मुलांना शिकवत होता. मुलांना शेकडो प्रार्थना ऐकून ऐकून पाठ कराव्या लागत आणि त्यात वर्षांमागून वर्षं जात. ग्विदोने एक जुनं लॅटिन स्तोत्र निवडलं. त्याच्या पहिल्या सहा ओळी एकेका स्वराने वर चढत सुरू होतात. त्या ओळींची पहिली अक्षरं उत, रे, मी, फा, सोल, ला. मुलांना ते स्तोत्र एकदा पक्कं आलं की नवं गाणं वाचताना स्वर कुठे शोधायचा ते कळे. आजचं डो-रे-मी तिथून आलं. डाव्या हाताच्या पेरांवर स्वर मांडलेली आकृती मध्ययुगीन हस्तलिखितांत ग्विदोच्याच नावाने मिळते, पण त्याच्या उपलब्ध लेखनात ती नाही. तिच्यात वीस स्वर आहेत. एकोणीस हातावर, आणि विसाव्याला जागा उरली नाही म्हणून तो मधल्या बोटाच्या वर, हवेत. गुरू आपल्या हातावर बोट ठेवी आणि मुलं तो स्वर गात.

सामगायकांचा हात आणि ग्विदोचा हात यांच्यात देवाणघेवाण झाल्याचा काही पुरावा नाही, आणि ओढूनताणून नातं जोडायची गरजही नाही. पाठ करायचं पुष्कळ आणि आधार फक्त कानाचा, अशी अडचण दोन्हीकडे होती. माणसाच्या हाताला दोन्हीकडे तेवढीच पेरं होती.

पुढचा मोठा टप्पा एका बाईंमुळे आला. सारा ॲन ग्लोव्हर इंग्लंडमधल्या नॉर्विच गावी धर्मगुरूच्या घरात जन्मल्या. चर्चमधलं समूहगान सुधारावं म्हणून त्यांनी लहान मुलींना शिकवायला सुरुवात केली. कागदावरच्या पाच रेघा आणि त्यांवर टांगलेले ठिपके त्यांनी आधी दूर ठेवले. भिंतीवर स्वरांची एक शिडी लावली, प्रत्येक पायरीवर स्वराच्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलं आणि छडी ज्या पायरीवर जाईल ती पायरी गायची. ‘सोल’ आणि ‘सी’ दोन्ही एकाच अक्षराने सुरू होतात, म्हणून सातव्या स्वराचं नाव बदलून त्यांनी ‘ते’ केलं. शिकवणाऱ्यालाच सुचेल अशी ही दुरुस्ती आहे. त्यांची पद्धत १८३५ मध्ये पुस्तकरूपाने आली.

१८४१ मध्ये हल शहरात रविवारच्या शाळांमधल्या शिक्षकांची परिषद भरली. गरिबांच्या मुलांना गाणं शिकवायची सोपी रीत शोधून काढा, अशी कामगिरी तिथे जॉन कर्वेन या तरुण धर्मोपदेशकावर टाकली गेली. कर्वेन मुलांना शिकवण्यात निष्णात होते, पण स्वरलिपी वाचून गाणं त्यांना स्वतःला जमत नव्हतं. ग्लोव्हरबाईंच्या पुस्तकातून ते शिकले, त्यांची पद्धत घेतली, आधी न विचारता तिच्यात फेरफार केले आणि नंतर ऋण मान्य केलं. त्या पद्धतीला ‘टॉनिक सोल-फा’ असं नाव पडलं. १८७० मध्ये कर्वेन यांनी तिच्यात हाताच्या खुणा आणल्या.

या खुणा नीट पाहण्यासारख्या आहेत. आपली नावं लावून सांगतो. सा म्हणजे मिटलेली मूठ, भक्कम. रे म्हणजे वर तिरका झालेला पंजा, उठू पाहणारा. ग म्हणजे जमिनीला समांतर तळवा, शांत. म म्हणजे खाली वळलेला अंगठा. प म्हणजे गाणाऱ्याकडे तळवा केलेला उभा पंजा, उजळ. ध म्हणजे मनगटातून खाली लोंबणारा हात, उदास. नी म्हणजे वर रोखलेली तर्जनी, सा कडे ओढ घेणारी. कर्वेन यांच्या मते प्रत्येक स्वराचा मनावर वेगळा परिणाम होतो आणि खूण त्या परिणामाची असावी. गात्रवीणेत आणि ग्विदोच्या हातावर स्वराला जागा होती. कर्वेन यांनी त्याला स्वभाव दिला. पेरावरचा स्वर घोकावा लागतो, स्वभाव असलेला स्वर ओळखीचा होतो. या सगळ्या वंशावळीत मला ही पायरी सर्वांत मोलाची वाटते.

या पद्धतीचा डो एका पट्टीला बांधलेला नाही. गाणाऱ्याला सोयीची पट्टी घ्यावी, तिथेच डो. आपला षड्ज असाच असतो, काळी दोन घ्या की पांढरी चार. म्हणून या खुणा आपल्या सरगमीवर शिवून घेतल्यासारख्या बसतात.

मिशनऱ्यांनी ही पद्धत जगभर नेली. दक्षिण आफ्रिकेत मिशनच्या शाळेतले शिक्षक एनॉक सोंटोंगा यांनी १८९७ मध्ये ‘न्कोसी सिकेलेल इ आफ्रिका’ हे गीत रचलं ते याच सोल-फाच्या अक्षरांत. त्याचा अंश आज त्या देशाच्या राष्ट्रगीतात आहे. भारतात वेल्श मिशनऱ्यांबरोबर ही अक्षरं मिझोरामला पोचली. तिथल्या प्रार्थनापुस्तकांत शब्दांबरोबर आजही सोल-फा छापतात आणि चर्चभर माणसं ते वाचून चार वेगवेगळ्या ओळी एकाच वेळी गातात.

हाताच्या खुणांना नवं आयुष्य मिळालं ते मात्र हंगेरीत. झोल्तान कोदाय हे संगीतकार बेला बार्टोक यांच्याबरोबर खेड्यापाड्यांत लोकगीतं गोळा करत हिंडले होते. शाळांत मुलांना सुमार गाणी शिकवली जातात याचा त्यांना मनस्वी राग होता आणि १९२९ च्या लेखात तो त्यांनी स्पष्ट मांडला. मग त्यांनी सरळ वेचणी केली. स्वरांची अक्षरं आणि खुणा इंग्लंडच्या, लयीचे बोल फ्रान्समधल्या शिक्षकांचे आणि गाणी मात्र आपल्याच मातृभाषेतली. कोदाय यांचे सहकारी येनो आदाम यांनी हे सारं शिक्षकांसाठी पुस्तकात मांडलं. १९५० मध्ये कोदाय यांच्या जन्मगावी, केच्केमेटला, रोज गाण्याचा तास असलेली प्राथमिक शाळा निघाली. १९६४ मध्ये बुडापेस्टला संगीतशिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि तिथून हे काम जगाला कळलं. कर्वेन यांच्या खुणा एकाच उंचीवर करता येत होत्या. इथे त्यांना उंचीही मिळाली. सा कमरेपाशी, वरचा सा कपाळाशी. स्वर चढला की हात चढतो, आणि आवाजाचं ‘वर’ म्हणजे काय हे सात वर्षांच्या मुलाला व्याख्येशिवाय समजतं.

या वंशावळीत महाराष्ट्रातलं एक गाव अनपेक्षितपणे येतं. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या १९७७ च्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ या चित्रपटात उत्तर भारतातला मोठा जमाव आकाशातून ऐकलेले पाच स्वर गातो आणि सगळे हात एकदम वर जातात. ते चित्रण रायगड जिल्ह्यात खालापूरजवळच्या हाळ गावी झालं होतं. पुढे फ्रान्स्वा त्रुफो यांनी साकारलेला शास्त्रज्ञ तेच पाच स्वर सभागृहात हाताच्या खुणांनी दाखवतो आणि शेवटी परग्रहावरच्या पाहुण्यालाही तीच खूण करतो. जगभरच्या प्रेक्षकांनी ती खूण पाहिली. ती शाळेच्या वर्गातून आली आहे हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

आपल्याकडे शाळेसारखा वर्ग भरवून गाणं शिकवायला सुरुवात झाली तेव्हा हाताचं काय झालं? बडोद्यात १८८६ मध्ये मौलाबक्ष यांची गायनशाळा निघाली. ५ मे १९०१ रोजी विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं घराण्याच्या दिवाणखान्यातून बाकांवर आणलं. भातखंड्यांनी घराण्यांतल्या चिजा जमवून मराठीत ‘क्रमिक पुस्तक मालिका’ छापली. त्या पुस्तकांत बंदिशीखाली समेची फुली, खालीचं शून्य आणि टाळ्यांचे आकडे असतात. तो कागदावर उतरलेला तालाचा हात आहे. स्वराचा हात मात्र कागदावर आला नाही आणि वर्गातही आला नाही. त्याची जागा पेटीने घेतली. पेटीने स्वर दिला की मुलं मागून गातात. यात शिकवणाऱ्याचे दोन्ही हात अडकतात, नजर पट्ट्यांवर जाते, आणि मुलांना स्वर फक्त ऐकू येतो, दिसत नाही.

‘आपल्या गाण्यात मींड आहे, आंदोलन आहे, मुठीसारखे ठोकळे कसे चालतील?’ असा आक्षेप मी ऐकला आहे. तो खरा आहे. कर्वेन यांचा हात स्वरांची स्थानकं दाखवतो, मधला रस्ता दाखवत नाही. पण रस्ता दाखवणारा हातही आपल्याकडे आहेच. भीमसेन जोशींचं गाणं ज्यांनी समोर बसून ऐकलं त्यांना तो आठवेल. तान हातातून निघते की गळ्यातून, असा प्रश्न पडावा इतका त्यांचा हात स्वराबरोबर फिरे. मोठ्या गायकाचा हात आपोआप फिरतो. लहान मुलाच्या हाताला आधी सात ठिकाणं माहीत व्हायला हवीत.

मी वर्गात भूपापासून सुरुवात करतो. सा, रे, ग, प, ध या पाचच खुणा. कोदाय यांच्या रीतीतही आरंभी पाचच स्वरांवर भर असतो. अर्धस्वर नसले की मुलांचा सूर कमी ढळतो, हा त्यामागचा अनुभव. आठवडाभर मुलं माझ्या हाताकडे पाहून गातात. दुसऱ्या आठवड्यात एक मूल पुढे येऊन हात दाखवतं आणि वर्ग त्याचं ऐकतो. एरवी कधी तोंड न उघडणारी मुलगी इथे साठ जणांकडून स्वतःची ओळ गाऊन घेते. त्यानंतर दोन हातांचा खेळ. उजवा हात अर्ध्या वर्गाचा, डावा उरलेल्यांचा. एका बाजूने सा धरून ठेवायचा आणि दुसरीने ग, प करत वर जायचं. मिझो चर्चमधल्या गाण्याची चव मुलांना इथे पहिल्यांदा लागते.

सगळ्यांत आवडता खेळ मुक्या गाण्याचा. ओळ गाता गाता मी डावी मूठ मिटतो. आवाज बंद, पण उजवा हात खुणा करतच राहतो आणि मुलं मनात गात राहतात. डावी मूठ उघडली की सगळ्यांनी एकदम गायचं. साठ मुलं शांत बसलेली असतात आणि खोलीभर गाणं चाललेलं असतं. पहिल्या दिवशी मूठ उघडल्यावर साठ वेगवेगळे सूर निघतात. पंधरवड्याने एक निघतो.

संगीत शिकवणाऱ्या सर्व शिक्षकांना आणि ताईंना माझी एवढीच विनंती आहे. सोमवारी पहिल्या तासाला दहा मिनिटं पेटी झाकून ठेवा. मुलांना उभं करा, कमरेपाशी मूठ धरा आणि त्यांच्याकडून सा घ्या.