लेकरू कोणाचं?

दोस्तहो, आपण शिष्यवृत्तीसाठी कचेरीपुढं बसलो, होस्टेलच्या जेवणासाठी भांडलो, नामांतरासाठी लाठ्या खाल्ल्या. पण याच अमरावती-अकोल्यात एखादी माय आपलं लेकरू सोडवायला या टेबलावरून त्या टेबलावर फिरत असते, तवा तिच्यासोबत आपल्यातलं कोणी नसतं. ती माय फासेपारध्याची. तिचं पोट्टं स्टेशनवर भीक मागताना धरलं आणि बालगृहात टाकलं. अशा एका मायसोबत मी एकदा गेलो होतो. सकाळपासून ती बाहेरच्या बाकड्याखाली बसून होती; बाकड्यावर बसायची तिची हिंमत झाली नव्हती. आत बोलावल्यावर साहेबानं पहिला सवाल केला, "पोरगं तुझंच कशावरून?" तिच्यापाशी कागद नव्हता. बेड्यावर जन्मलेल्या पोराचा दाखला काढायला कोण जातो? ती एवढंच म्हणाली, "माह्यं नाही त कोणाचं हाय बाप्पा?"

त्या साहेबाला शिव्या देऊन आपलं काम भागत नाही. हा सवाल त्याच्या डोक्यातला नाही, त्याच्या खुर्चीचा आहे. आणि ती खुर्ची जुनी आहे.

फासेपारधी म्हणजे फास लावणारा. वऱ्हाडच्या काळ्या रानात हरणं, तितर, बटेर धरून जगणारा माणूस. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिला. पुढच्या दहा वर्षांत तिकडं अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्या रानावर पडली. गवताळ रानं मोडून कापूस पेरला. १८७० साली खामगावपर्यंत रेल्वे आली ती कापूस न्यायला. कास्तकाराच्या हाती काय लागलं तो वेगळा विषय आहे. पारध्याचं मात्र सगळंच गेलं: रान गेलं, हरीण गेलं. उरला तो फिरता माणूस, आणि फिरता माणूस सरकारला चालत नाही. त्याच्याकडून सारा घेता येत नाही.

१८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला, आधी उत्तर हिंदुस्थानात. १८८२ साली गंथॉर्प नावाच्या फौजी अधिकाऱ्यानं मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांतातल्या 'गुन्हेगार जमातीं'वर पोलिसांच्या कामासाठी पुस्तक छापलं. त्यात माणसांची वर्णनं अशी, जशी शिकाऱ्याच्या पुस्तकात जनावरांची असतात. शिकारी जमातीचीच शिकार सुरू झाली!

पण मला बोलायचं आहे ते लेकरांबद्दल. १८९७ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि चार ते अठरा वर्षांची पोरं आईबापापासून तोडून सुधारगृहात ठेवायची सोय सरकारनं करून घेतली. चार वर्षांचं पोर! १९११ साली कायदा देशभर लागू करायची वाट मोकळी झाली. १९२४ च्या कायद्याचं कलम १७ तर प्रत्येक कार्यकर्त्यानं एकदा वाचावं. सरकार औद्योगिक, शेतकी किंवा सुधारणेच्या शाळा काढील, आणि बंधनात घातलेल्या जमातीची सहा ते अठरा वयाची मुलं आईबापापासून काढून तिथं ठेवील. मुलानं काही चोरलं पाहिजे, अशी अट नाही. बापावर गुन्हा शाबीत झाला पाहिजे, अशीही नाही. जमातीचं नाव यादीत असलं की पुरे. मनूनं जन्मावरून धंदा ठरवला होता, साहेबानं जन्मावरून गुन्हा ठरवला. दोघांचं जमलं ते उगाच नाही.

आपल्याकडची मोठी सेटलमेंट सोलापूरची. तारेचं कुंपण, रोजची हजेरी, मोठ्यांना गिरणीत काम. मुलांना शाळा होती, हे खरं आहे आणि ते लपवू नये. त्या शाळेतून शिकलेली माणसंही आहेत. पण शाळा देणारा हात आणि माय हिसकणारा हात एकच होता.

इथं आपल्याला अडचणीची वाटेल अशी एक गोष्ट आहे. मुंबई इलाख्यात या सेटलमेंटचा कारभार पाहणारा अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट. १९२८ साली अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला सरकारनं समिती नेमली, तिचा अध्यक्ष हाच स्टार्ट, आणि तिच्यात सभासद होते बाबासाहेब. अहवाल आला १९३० साली. पुढं मागासवर्गाचं खातं निघालं, तेही स्टार्टकडंच गेलं. म्हणजे आपलं कल्याण आणि पारध्याची हजेरी एकाच टेबलावर होती. बाबासाहेब त्या टेबलाशी बसले ते आपल्या लेकरांसाठी वसतिगृहं, शिष्यवृत्त्या, जमिनी मिळवायला. बहिष्कृत हितकारिणी सभेचं वसतिगृह त्यांनी १९२५ सालीच काढलं होतं, आणि तेही सोलापुरातच. एकाच शहरात एकीकडं आपलं वसतिगृह आणि दुसरीकडं तारेच्या आतली वसाहत. दोन्हीकडं पोरं घरापासून दूर. फरक कशात? वसतिगृहात बाप पोराला हातानं आणून सोडत होता, सुटीत ते गावी जात होतं, आणि त्याला कोणी सांगत नव्हतं की तुझी माय चोर आहे. पोराला घर सोडावं लागतं हे दुःख आपण ओळखतो, आपल्यातले अर्धे होस्टेलवर वाढले. पण घर सोडणं वेगळं आणि घर हिसकलं जाणं वेगळं.

ही रीत एकट्या हिंदुस्थानची नव्हती. ऑस्ट्रेलियात तिथल्या मूळ निवासींची लेकरं अशीच उचलली. न्यू साऊथ वेल्स प्रांतात १९१५ पासून तर कोर्टात काही शाबीत करायचीही गरज उरली नाही. मंडळाला वाटलं की पुरे. गोऱ्यांच्या घरात नाहीतर मिशनमध्ये पोरं वाढवली, भाषा तोडली, नावं बदलली. १९९७ साली तिथल्या मानवी हक्क आयोगाचा अहवाल आला आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. माफीनंतरही तिथं घराबाहेर सांभाळायला ठेवलेल्या पोरांत मूळ निवासींची पोरं त्यांच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट आहेत. मात्र त्या लोकांनी लढून एक तत्त्व सरकारच्या गळी उतरवलं: पोर काढावंच लागलं तर आधी त्याच्या नात्यात ठेवा, मग त्याच्या जमातीत, अनोळखी घर शेवटी. आणि ठरवताना आमच्या माणसांना विचारा.

आमच्याकडं माफी कोणी मागितली? ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला एवढंच. शिक्का राहिला. १९५९ साली मुंबईचा भिक्षा प्रतिबंधक कायदा आला. रान नाही, जमीन नाही, काम मागितलं तर "तू पारधी ना?" म्हणून हाकलायचं, आणि भीक मागितली तर धरायचं. आता तुम्ही छातीवर हात ठेवून सांगा, आपल्या वस्तीत सायकल चोरीला गेली तर आपली नजर पहिले कुठं जाते? बेड्याकडंच ना?

अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा इथं मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकानं आपल्याच जमातीच्या, भीक मागणाऱ्या पोरांसाठी आश्रमशाळा काढली. नाव ठेवलं 'प्रश्नचिन्ह'. जिल्हा परिषदेची नोकरी सोडून हा माणूस बेड्याबेड्यावर फिरला. पोर नेणारा आपल्यातलाच, त्याची भाषा बोलणारा, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. २०१९ साली समृद्धी महामार्गासाठी त्या शाळेचं बांधकाम पाडलं. नाव 'समृद्धी', पाडली पारध्याची शाळा. यावर आणखी काय लिहू!

आजचा कायदा कागदावर बरा आहे, म्हणून तो पाठ करा. २०१५ च्या बालन्याय कायद्यात भीक मागणारं पोर 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं' ठरतं, गुन्हेगार नाही. चोवीस तासांत त्याला बालकल्याण समितीपुढं आणावं लागतं. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, पहिला हक्क कुटुंबाचा, हे त्याच कायद्यात लिहिलं आहे. घरी जाऊन चौकशी करून अहवाल द्यायला पंधरा दिवसांची मुदत आहे. तो अहवाल लिहिणारा बेड्यावर येतो तवा तिथं आपलं माणूस हजर पाहिजे, नाहीतर तो मोडकी झोपडी पाहतो आणि आजी, मावशी, काका लिहायचे राहून जातात. आणि मायला सांगा, न वाचता अंगठा देऊ नको. पोर कायमचं सोपवल्याचा कागद असेल तरी फेरविचाराला दोन महिने मिळतात. आईबाप नसले किंवा सांभाळू शकत नसले तर नातेवाइकाच्या घरी ठेवायला बालसंगोपन योजना आहे. त्याचा फॉर्म पारध्याच्या बेड्यावर मी अजून कोणाच्या हाती पाहिला नाही.

त्या मायचं काय झालं ते सांगतो. दुसऱ्या तारखेला आम्ही बाळंतपण केलेली म्हातारी सोबत नेली, गावच्या मास्तरचं पत्र नेलं. तिसऱ्या तारखेला पोरगं मिळालं. केस कापलेले, अंगात संस्थेचा शर्ट. बाहेर आल्यावर माय त्याच्याशी पारधीत बोलत होती आणि ते मराठीत उत्तर देत होतं. एस.टी. यायला वेळ होता. आम्ही तिघंही तिथंच पायरीवर बसलो.