अ अजून संपलेला नाही

१९४८ साली पुण्यात एक प्रोजेक्ट सुरू झाला. तो आजही चालू आहे आणि पहिल्याच अक्षरावर आहे.

हे वाक्य मी ऑफिसात कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग "सरकारी असेल" म्हणतो. मंडळी, सरकारी अनुदान त्यात आहेच. पण दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये जगणाऱ्या आपल्यासारख्यांनी एवढ्यावर हसून मोकळं होऊ नये असं मला वाटतं. या प्रोजेक्टचं नाव आहे डेक्कन कॉलेजचा संस्कृत कोश. लांबलचक नाव: ऐतिहासिक तत्त्वांवर आधारित संस्कृतचा ज्ञानकोशात्मक शब्दकोश.

आधी डेक्कन कॉलेजबद्दल थोडं. येरवड्याकडे जाताना झाडीत ती दगडी इमारत आहे. बरेच पुणेकर तिच्यावरून रोज जातात आणि आत काय चालतं हे त्यांना ठाऊक नसतं. पेशवाई गेल्यावर तीनच वर्षांनी, १८२१ मध्ये, विश्रामबाग वाड्यात इंग्रजांनी 'हिंदू कॉलेज' काढलं. पेशवे विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटायचे, तिचाच पैसा एल्फिन्स्टनने इकडे वळवला. पुढे त्याचंच डेक्कन कॉलेज झालं. टिळक-आगरकर इथलेच. १९३४ मध्ये सरकारने पैसा नाही म्हणून कॉलेज बंद केलं आणि माजी विद्यार्थी कोर्टकचेऱ्या करत राहिले. १९३९ मध्ये ते पुन्हा उघडलं, ते मात्र पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून. इथे सांकलिया उत्खननं करत होते, इरावती कर्वे समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र बघत होत्या आणि भाषाशास्त्राला सुमित्र मंगेश कत्रे होते. अशी माणसं एकाच आवारात चहा पीत असतील तर काय बोलत असतील, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. असो. १९९० मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

कोशाची कल्पना या कत्र्यांची.

तुम्ही म्हणाल, संस्कृतला कोश नव्हते का? होते की! बोटलिंक आणि रोथ यांचा सात खंडांचा जर्मन कोश १८५५ ते १८७५ या काळात सेंट पीटर्सबर्गहून निघाला. मोनियर-विल्यम्सची मोठी आवृत्ती १८९९ ची. आणि आपल्या पुण्यात वामन शिवराम आपट्यांनी १८९० मध्ये जो कोश काढला तो आजही घराघरांत आहे. पण हे कोश अर्थ सांगतात. तो अर्थ कधी आला, कुठून आला, कोणत्या शास्त्रात टिकला आणि कुठे मेला, हे सांगण्याइतका माल एकट्या-दुकट्याकडे नसतो. इंग्रजीसाठी हे काम ऑक्सफर्डच्या कोशाने केलं होतं. कत्र्यांना संस्कृतसाठी तेच हवं होतं, फक्त इंग्रजीच्या दुप्पट-तिप्पट लांबीच्या इतिहासासाठी.

पद्धत ऐकायला अगदी सोपी आहे. ग्रंथ घ्यायचा आणि वाचत जायचं. प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाची एक चिठ्ठी करायची. तिच्यावर शब्द, तो आलेलं वाक्य, ग्रंथाचं नाव, अध्याय, श्लोक आणि टीकाकाराने अर्थ दिला असेल तर तोही. मग चिठ्ठी अकारविल्हे लावायची. आपल्या भाषेत प्रत्येक चिठ्ठी म्हणजे एक रेकॉर्ड आणि लोखंडी कपाटांची खोली म्हणजे डेटाबेस. सुमारे दीड हजार ग्रंथ निवडले गेले. ऋग्वेदापासून सुरुवात आणि अगदी अलीकडच्या संस्कृतपर्यंत शेवट. फक्त काव्य आणि धर्म नाही. वैद्यक, पशुवैद्यक, रसशास्त्र, वास्तू, गणित, ज्योतिष, संगीत, राज्यशास्त्र, शिलालेखसुद्धा. १९४८ पासून पुढची पंचवीसेक वर्षं माणसं फक्त वाचत आणि लिहीत होती. चिठ्ठ्या झाल्या जवळजवळ एक कोटी. सगळ्या हाताने.

आता एवढा पसारा कशासाठी, ते एका शब्दावरून बघू. शब्द आहे 'अक्ष'.

ऋग्वेदात अक्ष म्हणजे रथाच्या चाकांना जोडणारा आस. ऋग्वेदातच जुगाऱ्याचं एक प्रसिद्ध सूक्त आहे, तिथे अक्ष म्हणजे फासा. त्या काळी फासे म्हणून बेहड्याची फळं वापरत, म्हणून बेहड्याच्या झाडालाही अक्ष. फासा उलटा पडला तर जो शब्द वापरायचा त्यासाठी पाणिनीने चक्क एक सूत्र खर्च केलंय, यावरून हा खेळ किती रुजलेला होता ते कळावं. :) पुढे वैद्यकात या. तिथे बेहडा हा अर्थ आहेच, शिवाय अक्ष हे एक वजन आहे, कर्षाएवढं. औषधाचं प्रमाण सांगताना 'अक्षभर' म्हटलं तर झाडही नाही आणि फासाही नाही. सुश्रुतात 'अक्षक' म्हणजे गळ्याजवळचं हाड. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'अक्षपटल' म्हणजे हिशेबाचं दफ्तर आणि 'अक्षशाला' म्हणजे सोनारकामाचा कारखाना. न्यायशास्त्रात अक्ष म्हणजे इंद्रिय, आणि त्यावरूनच 'प्रत्यक्ष'. ज्योतिषात अक्ष म्हणजे एखाद्या ठिकाणाचं विषुववृत्तापासूनचं अंतर. ते आपण भूगोलात 'अक्षांश' म्हणून पाठ केलं आणि गणितात 'क्ष-अक्ष' म्हणून काढलं.

आता खरी अडचण. हा एक शब्द आहे की तीन? आस, फासा आणि डोळा यांना कोशकार सहसा वेगवेगळ्या नोंदी देतात. पण मग वजन कुणाच्या खाली टाकायचं? बेहड्याच्या फळावरून ते आलं असेल तर फाशाच्या खाली. हिशेबाच्या दफ्तरातला अक्ष कुठून आला? हे ठरवायला सगळ्या चिठ्ठ्या काळाच्या क्रमाने टेबलावर मांडाव्या लागतात. पण त्या काळाचंच भांडण आहे! अमुक ग्रंथ कधीचा, त्यातला तमुक अध्याय मूळचा की नंतर घुसडलेला, यावर एकमत नाही. आपल्याकडे प्रत्येक रेकॉर्डला टाइमस्टॅम्प असतो. इथे टाइमस्टॅम्प हाच वादाचा विषय. शिवाय ही नोंद लिहिणाऱ्याला वेदही कळायला हवा, चरकही कळायला हवा आणि सूर्यसिद्धान्तही. अशी माणसं कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये मिळत नाहीत.

पहिला भाग छापून आला १९७६ मध्ये, अमृत माधव घाटगे यांच्या संपादनाखाली. १९४८ मध्ये पंचविशीत चिठ्ठ्या लिहायला बसलेला माणूस तोवर पन्नाशीच्या पुढे गेला होता. २०२२ पर्यंत पस्तीस भाग झाले होते, सहा हजारांवर पानं. अक्षर: अ.

इथे अ ची बाजू घेतली पाहिजे. संस्कृतमध्ये अ हे साधं अक्षर नाही. कुठल्याही शब्दाला मागे 'अ' किंवा 'अन्' लावून उलटा शब्द करता येतो आणि शास्त्रकारांनी ते मनसोक्त केलंय. वर अति, अधि, अनु, अप, अभि, अव हे सगळे उपसर्ग इथेच राहायला. मोनियर-विल्यम्सच्या १,३३३ पानांपैकी सव्वाशेच्या आसपास पानं एकट्या अ ने खाल्ली आहेत. म्हणजे 'अजून पहिल्याच अक्षरावर' हे वाक्य ऐकायला वाटतं तितकं वाईट नाही.

पण इंजिनिअर असल्यामुळे पुढचा गुणाकार केल्याशिवाय राहवत नाही. अ म्हणजे एकूण कामाचा साधारण दहावा हिस्सा धरा. त्याला १९७६ पासून २०२२ पर्यंत ४६ वर्षं लागली, आणि तरी तो संपला नाही. या वेगाने ज्ञ यायला इसवी सन २४३० उलटेल. हे गणित ढोबळ आहे हे मान्य. पण ते दुप्पट-तिप्पट चुकलं तरी आपल्यापैकी कुणाला फरक पडणार नाही.

बाकीच्यांचं काय झालं? ऑक्सफर्डच्या जेम्स मरेनी १८७९ मध्ये करार केला तेव्हा अंदाज होता दहा वर्षांचा. पाच वर्षांनी पहिला हप्ता निघाला, तो 'ए' पासून 'अँट' पर्यंत. म्हणजे गाडी मुंगीपर्यंतच आली होती, आणि वेगही तोच. मरे १९१५ मध्ये गेले आणि कोश १९२८ मध्ये पूर्ण झाला. दहा वर्षांच्या अंदाजाचे झाले एकोणपन्नास. कुणी मॅनेजर तुम्हाला एस्टिमेट चुकलं म्हणून बोलला तर हे लक्षात ठेवा.

मला जास्त शिकण्यासारखं वाटतं ते शिकागो विद्यापीठाचं उदाहरण. तिथल्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटमध्ये (२०२३ मध्ये तिचं नाव बदललं) जेम्स ब्रेस्टेडने १९२१ मध्ये अक्कादी भाषेचा, म्हणजे बाबिलोन आणि असीरियाच्या भाषेचा कोश सुरू केला. पद्धत तीच, चिठ्ठ्यांची. त्यांच्या वीसेक लाख झाल्या. पस्तीस वर्षं एकही खंड नाही. अडचणही तीच: नव्या विटा सापडत राहायच्या, जुनी वाचनं चुकीची ठरायची, आणि सगळं पक्कं होईपर्यंत थांबू म्हटलं तर थांबतच राहायचं. शेवटी तिथल्या संपादकांनी ठरवलं की माल अपुरा आहे हे गृहीत धरूनच छापायचं. १९५६ मध्ये पहिला खंड आला तो 'एच' चा! ए चा नाही. ज्या अक्षराचा आवाका छोटा, ते आधी उरकलं. मग जी, ई, डी. ए चे भाग त्यानंतर आले. १९५२ पासून तिथे काम करणाऱ्या एरिका राइनर २००५ च्या अखेरीस वारल्या. कोश संपला २०११ मध्ये. नव्वद वर्षं, एकवीस खंड. आणि ते सगळे खंड इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत, आत्ता उतरवून घ्या.

आता तुमच्यातले निम्मे लोक मनात म्हणत असतील, स्कॅन करा, सर्च लावा, झालं! त्यालाही इतिहास आहे. ऑक्सफर्डने १९८४ मध्ये आपला कोश कॉम्प्युटरवर आणायला घेतला. अमेरिकेत शंभरावर टायपिस्टांनी तो अक्षरन् अक्षर टंकला आणि कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाने त्यात शोध कसा घ्यायचा यावर संशोधन केलं. त्या वॉटर्लूच्या प्रोजेक्टवर टिम ब्रे नावाचा माणूस होता. १९९८ मध्ये एक्सएमएलचं स्पेसिफिकेशन आलं, त्याच्या तीन संपादकांपैकी एक हाच. दुसरे स्पर्बर्ग-मॅक्वीन, तेही साहित्याचे जुने ग्रंथ कॉम्प्युटरवर कसे मांडावेत या खटपटीतून आलेले. ज्या कंसांना आपण रोज शिव्या घालतो ते अर्धेअधिक कोशकारांच्या आणि पोथीवाल्यांच्या घरातून आलेत. विद्यापीठात कशातून काय निघेल याचा नेम नसतो तो असा.

पण वॉटर्लूकडे आलेला कोश पूर्ण होता. त्यातले निर्णय मरे आणि मंडळी आधीच घेऊन बसली होती. पुण्याचं तसं नाही. तिथेही चिठ्ठ्या स्कॅन झाल्या, संपादनासाठी सॉफ्टवेअर आलं, आणि त्याने चिठ्ठी शोधायचा, नोंद लावायचा वेळ नक्कीच वाचतो. वाचत नाही तो 'अक्ष' एक की तीन हे ठरवण्याचा वेळ. आणि एआयला विचारलं तर ते झटकन उत्तर देईल, यात शंका नाही. उत्तर झटकन मिळणं ही इथली अडचण कधी नव्हतीच.

माझं मत विचाराल तर संपादित कोश आणि चिठ्ठ्या ही दोन वेगळी कामं मानावीत. संपादित भाग लागायचा तेवढा वेळ घेऊ देत. पण क ते ह पर्यंतच्या चिठ्ठ्यांनी २४३० ची वाट का बघावी? प्रत्येक चिठ्ठीचं चित्र, आहे तसं, 'असंपादित' असा ठसा मारून घरबसल्या कुणालाही बघता यावं. यावर विद्वानांचा आक्षेप काय असेल ते उघड आहे: चिठ्ठीत चुका असतात, ती जुन्या आवृत्तीवरून केलेली असते, नवशिका ती पुरावा म्हणून वापरेल. आक्षेप खोटा नाही. १९६६ मध्ये भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण झाली, त्याच्या आधी केलेल्या कामाचं काय होतं याचा विचार केला तरी ते पटतं. पण उद्या कुणी आयुर्वेदावर पीएचडी करणारी मुलगी सोलापुरात बसून 'ज्वर' शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या बघू शकली आणि तिने त्यातल्या चार चुका कळवल्या, तर नुकसान कुणाचं? ऑक्सफर्डच्या चिठ्ठ्या तरी कुणी पाठवल्या होत्या? गावोगावच्या हौशी वाचकांनी, पोस्टाने.

तोवर क्रमाने जायचं तर अ नंतर आ आहे. मोनियर-विल्यम्समध्ये तो चाळीसेक पानांत आटपतो.