सुट्या भागांची रायफल : अमेरिकेतील घरगुती रायफल-जुळणीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

नळी एका ठिकाणची, दस्ता दुसऱ्या ठिकाणचा, चापाची यंत्रणा तिसऱ्याची आणि नेम धरण्याची दुर्बीण खिशाला परवडेल तशी, अशी निवड करून स्वतःची रायफल घरीच जुळवण्याची प्रथा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ आहे. वरवर पाहता हा वैयक्तिक छंदाचा विषय वाटतो. 'स्वतः बनवलेली बंदूक' या शब्दांत स्वावलंबनाचा अभिमानही असतो. परंतु तंत्रज्ञानाच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहिले असता वेगळे चित्र दिसते. ही रायफल एकट्या माणसाच्या हातची निर्मिती नसून राज्यसंस्थेने दीर्घकाळ पोसलेल्या प्रमाणीकरणाचे ते फलित आहे. या प्रक्रियेतून 'शस्त्र म्हणजे नेमका कोणता भाग?' हा कायद्याचा प्रश्न कसा निर्माण झाला, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कानशीचे युग

अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परिसरात जर्मन व स्विस वंशाच्या कारागिरांनी लांब नळीची रायफल विकसित केली. हे कारागीरही प्रत्येक भाग स्वतः घडवत असत असे नाही. चकमकीची यंत्रणा पुष्कळदा युरोपातून आयात केलेली असे. मात्र आणलेला भाग तसाच्या तसा बसत नसे. तो कानशीने घासून त्या विशिष्ट बंदुकीपुरता जुळवावा लागे. नळीच्या टोकावरील माशी व मागची खाच यांची जागाही प्रत्यक्ष गोळ्या झाडून, ठोकून-घासून ठरवली जाई. त्यामुळे एका रायफलीचा भाग दुसरीला सहसा चालत नसे. भाग निवडता येत होते. पण ते जुळवण्यासाठी कसबी कारागीर अपरिहार्य होता.

अदलाबदलीचा ध्यास

ही अपरिहार्यता दूर करण्याचा विचार प्रथम कारागिरांच्या नव्हे, तर लष्कराच्या गरजेतून बळावला. रणांगणावर मोडलेली बंदूक दुसरीच्या भागांनी तत्काळ दुरुस्त व्हावी, ही ती गरज होय. फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लां यांनी या दिशेने प्रयोग केले. पॅरिसमध्ये राजदूत असलेल्या थॉमस जेफरसन यांनी १७८५ मध्ये ते पाहिले. कोणतीही निवड न करता घेतलेल्या सुट्या भागांपासून आपण स्वतः काही यंत्रणा जुळवल्या व त्या चपखल बसल्या, असे त्यांनी मायदेशी कळवले. जेफरसन हे बंदूककार नव्हते, हे येथे विशेष लक्षात घ्यावयास हवे. अकुशल हातांनी शस्त्र जुळवण्याच्या कल्पनेची ही महत्त्वाची नोंद आहे.

अमेरिकेत या कल्पनेचे श्रेय दीर्घकाळ एली व्हिटनी यांना दिले गेले. १७९८ मध्ये त्यांनी १०,००० मस्केटांचा सरकारी करार मिळवला. तो पूर्ण होण्यास १८०९ उजाडले. रॉबर्ट वुडबरी यांनी १९६० मध्ये या आख्यायिकेची चिकित्सा केली. व्हिटनी यांच्या मस्केटांचे भाग प्रत्यक्षात परस्परांत बदलता येत नव्हते, असे त्यानंतरच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले. खरे यश मिळाले ते हार्पर्स फेरी येथील सरकारी कारखान्यात जॉन हॉल यांना. त्यांच्या रायफलीच्या भागांची अदलाबदल शक्य असल्याचे १८२६-२७ च्या तपासणीत मान्य झाले. १८३४ मध्ये सिमियन नॉर्थ यांच्या कनेक्टिकटमधील कारखान्यातील भागही हॉल यांच्या भागांशी जुळू लागले. थॉमस ब्लँचर्ड यांच्या लेथमुळे लाकडी दस्ताही यंत्रावर कोरता येऊ लागला. मेरिट रो स्मिथ यांनी १९७७ मधील आपल्या ग्रंथात हार्पर्स फेरीच्या या स्थित्यंतराचा सविस्तर वेध घेतला आहे. सुरुवातीच्या या महागड्या प्रयोगांचा भार प्रामुख्याने सरकारी तिजोरीने उचलला, ही बाब महत्त्वाची आहे.

लष्करी शिल्लक माल आणि स्वस्त रायफल

विसाव्या शतकात या प्रमाणित मालाचा ओघ नागरिकांकडे वळला. नागरिकांत नेमबाजीचा प्रसार व्हावा म्हणून १९०३ मध्ये राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले आणि १९०५ च्या कायद्याने शिल्लक लष्करी रायफली नेमबाजी मंडळांना विकण्याची मुभा मिळाली. दोन्ही महायुद्धांनंतर स्प्रिंगफील्ड, एनफील्ड व माउझर बनावटीच्या रायफली अल्प किमतीत उपलब्ध झाल्या. त्यांचा जड दस्ता उतरवून हलका बसवणे आणि लष्करी दर्शकाऐवजी छिद्राचा दर्शक किंवा दुर्बीण लावणे, हा मध्यमवर्गीय शिकाऱ्यांचा आवडता उद्योग बनला. विल्यम वीव्हर यांनी १९३० पासून सामान्यांना परवडणाऱ्या दुर्बिणी बाजारात आणल्या. तरीही दुर्बिणीसाठी रायफलीला भोके पाडून आटे कापावे लागत, बोल्टची मूठ वाकवावी लागे. कारागिराची गरज कमी झाली होती, संपली नव्हती.

या स्वस्ताईची दुसरी बाजू १९६३ मध्ये जगासमोर आली. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येत वापरलेली इटालियन लष्करी रायफल टपालाने मागवलेली होती. वॉरन आयोगाच्या अहवालानुसार दुर्बिणीविना तिची किंमत १२.७८ डॉलर, तर दुर्बिणीसह १९.९५ डॉलर होती. म्हणजे दुर्बिणीचा वाढीव खर्च रायफलीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. शस्त्र स्वस्त, पण नेम महाग, हे प्रमाण या संपूर्ण व्यवहारावर प्रकाश टाकते. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने टपालाद्वारे होणारी अशी विक्री व शिल्लक लष्करी शस्त्रांची आयात यांवर निर्बंध आणले.

कारागिराचा अस्त

युजीन स्टोनर यांच्या आराखड्यावर आधारलेली एआर-१५ ही रायफल कोल्ट कंपनीने १९६४ पासून नागरिकांना विकली. तिचा वरचा व खालचा भाग केवळ दोन खिळींनी जोडलेला असतो. १९७७ मध्ये मूळ पेटंटची मुदत संपल्यावर अनेक उत्पादक तेच भाग बनवू लागले. मूळ रचनेत मागचा दर्शक रायफल उचलण्याच्या मुठीतच बसवलेला असल्याने निवडीस फारसा वाव नव्हता. १९९५ मध्ये अमेरिकी लष्कराने 'पिकॅटिनी' या खाचांच्या पट्टीचे प्रमाण निश्चित केले आणि त्या प्रमाणाचा कोणताही दर्शक त्या पट्टीवर बसू लागला. येथे कानस जवळपास निकालात निघाली. आता गरज उरली ती प्रामुख्याने निवडीची.

कोणता भाग म्हणजे शस्त्र?

कारागीर लोपला तसा कायदा पेचात सापडला. १९३८ च्या अमेरिकी संघीय कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत त्याचा कोणताही भाग समाविष्ट होता. प्रत्येक बारीक भागावर नियंत्रण ठेवणे अव्यवहार्य ठरल्याने १९६८ मध्ये ही व्याख्या संकुचित झाली. चौकट किंवा रिसीव्हर तेवढे शस्त्र, उर्वरित भाग केवळ वस्तू! परंतु स्टोनर यांच्या रचनेत घोडा खालच्या भागात व बोल्ट वरच्या भागात असल्याने जुनी नियमावली तिला नीट लागू पडेना. २०१६ ते २०२० या काळात काही संघीय न्यायालयांनी ही विसंगती दाखवून दिली. अर्धवट घडवलेले, क्रमांक नसलेले भाग घरी पूर्ण करण्याच्या संचांसाठी २०२२ मध्ये नवे नियम आले. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ते उचलून धरले.

भारताशी तुलना येथे उद्बोधक ठरते. लॉर्ड लिटन यांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने शस्त्रांचे भाग व शस्त्रनिर्मितीची यंत्रसामग्री यांनाही 'शस्त्र' मानले होते. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्याने हा तपशील कायम ठेवला. वासाहतिक सत्तेचे कारण अविश्वासाचे होते, हे उघड आहे. १८८७ च्या मद्रास काँग्रेसने त्या कायद्याविरुद्ध ठरावही केला होता. तथापि सुट्या भागांत दडलेले संपूर्ण शस्त्र त्या कायद्याच्या नजरेतून सुटले नव्हते, हेही मान्य करावे लागते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, घरी जुळवलेली स्वस्त रायफल हे व्यक्तिस्वातंत्र्याचे प्रतीक मानले गेले, तरी तिचा पाया सरकारी कारखाने, लष्करी शिल्लक माल व लष्करी प्रमाणे यांनी घातला. रणांगणावरील दुरुस्तीसाठी राज्यसंस्थेने कारागिराला वगळले. त्याच्या जागी नियंत्रणाचा दुसरा बिंदू कोणता, हे मात्र ठरवायचे राहून गेले. पूर्वी शस्त्र जुळवण्यासाठी एका कसबी माणसाच्या दारात जावे लागे, आणि समाजाला त्या शस्त्राची खबर तिथेच लागत असे. ते दार बंद झाल्यावर ती खबर कोठून मिळवायची, या प्रश्नाशी अमेरिकी कायदा झगडत आला आहे.