रग्बीवीर गॉर्डन ब्राउन : मैदान आणि मेजवानी

ज्या खेळात खेळणाऱ्यास एक पैही घेण्याची मुभा नाही, त्या खेळातून निवृत्त होणाऱ्याच्या पदरी काय उरत असेल? अंगावरचे व्रण, चार मित्र आणि पुष्कळशा आठवणी. युनियन पद्धतीच्या रग्बीत हा निर्बंध १९९५ पर्यंत होता. १९८२ मध्ये निवृत्त झालेला इंग्लंडचा कर्णधार बिल ब्यूमाँट याने आत्मचरित्राचे मानधन स्वीकारले, तेवढ्यावरून त्यास धंदेवाईक ठरवून खेळाच्या कारभारापासून दूर ठेवण्यात आले. अशा खेळात आठवणींनाच ज्याने आपले भांडवल केले, तो स्कॉटलंडचा गॉर्डन ब्राउन होय.

त्याचा जन्म १ नोव्हेंबर १९४७ रोजी, ट्रून या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील फुटबॉलमध्ये स्कॉटलंडचे गोलरक्षक होते. वडील बंधू पीटर पुढे रग्बीत राष्ट्रीय संघाचा कर्णधार झाला. रग्बीच्या पंधरा गड्यांतील आठ जण आघाडीचे. स्क्रममध्ये एकमेकांत गुंतून रेटा द्यावयाचा आणि चेंडू मिळवून मागच्यांच्या स्वाधीन करावयाचा, हे त्यांचे मुख्य काम. धावणाऱ्याचे नाव वृत्तपत्रात येते. रेटणाऱ्याचे मोल शेजारच्या गड्यासच ठाऊक असते. ब्राउन या आघाडीच्या दुसऱ्या ओळीत खेळे.

६ डिसेंबर १९६९ रोजी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तो प्रथम स्कॉटलंडकडून उतरला आणि १९७६ पर्यंत असे ३० सामने खेळला. १९७१ मध्ये ट्विकनहॅम येथे इंग्लंडवर १६-१५ असा निसटता विजय मिळाला, तेव्हा दोघे बंधू संघात होते. त्या विजयाचे चिन्ह म्हणजे कलकत्ता चषक. कलकत्त्यातील एक क्लब बंद पडला, तेव्हा त्याच्या शिलकेतील चांदीचे रुपये आटवून तो घडविलेला आहे. ब्रिटिश बेटांचा निवडक संघ ‘लायन्स’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या १९७१, १९७४ आणि १९७७ च्या दौऱ्यांत ब्राउन आठ कसोट्या खेळला. मध्यंतरी, १९७६ च्या अखेरीस, मैदानावर प्रतिहल्ला केल्यावरून त्याच्यावर तीन महिन्यांची बंदी आली. त्यानंतर स्कॉटलंडचा पोशाख त्याच्या अंगावर चढला नाही.

येथून त्याचे दुसरे जीवन सुरू होते. ब्रिटनमध्ये क्लबांच्या मेजवान्यांत ताटे उचलल्यावर कोणी वक्ता उभा राहून मंडळींस हसवितो, अशी जुनी चाल आहे. ब्राउन या कलेत अग्रगण्य ठरला. त्याची खुबी अशी की, हसे तो प्रथम स्वतःचे करून घेई. १९७० मध्ये पीटरने त्यास आनंदाने कळविले की, आपली संघात पुन्हा निवड झाली. वगळले कोणास, असे गॉर्डनने विचारताच उत्तर आले, ‘तुलाच!’ त्याच सामन्यात पीटर जखमी झाला आणि त्याच्या जागी गॉर्डनच मैदानात उतरला.

परंतु सर्वांत गाजलेला किस्सा १९७४ च्या दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यातला. प्रतिपक्षाच्या योहान डी ब्रुइन याचा एक डोळा काचेचा होता. झटापटीत तो निखळून पडला. दोन्ही संघ चिखलात गुडघे टेकून शोधू लागले. सापडताच डी ब्रुइनने तो तसाच खोबणीत बसविला, आणि त्यातून गवताचा झुबका बाहेर डोकावत राहिला, असे ब्राउन सांगे.

हसता हसता एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. तो दौरा वर्णभेदी राजवटीच्या देशात, ब्रिटिश सरकारचा विरोध असता झाला. वेल्सच्या जॉन टेलरने तत्त्वासाठी जाण्याचे नाकारले. काळ्या प्रेक्षकांस निराळ्या कोपऱ्यात बसवीत. तेथून ते पाहुण्यांचाच जयजयकार करीत. मेजवानीच्या किश्शांत त्या कोपऱ्यास फारशी जागा नसते. इतिहासाने ती राखून ठेवली पाहिजे. २२ सामन्यांत एकही न हरलेल्या त्या संघाचा पराक्रम खरा आणि टेलरचा नकारही तितकाच खरा.

पुढे ब्राउन कर्करोगाने आजारी पडला. २००१ च्या प्रारंभी लंडनमध्ये त्याच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. तीस डी ब्रुइन दक्षिण आफ्रिकेहून मुद्दाम आला आणि तोच काचेचा डोळा स्मृतिचिन्हात जडवून त्याने आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्यास भेट दिला. काही आठवड्यांनी, १९ मार्च २००१ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी ब्राउन निवर्तला. ज्याच्यावर त्याने सभा हसविल्या, तोच मनुष्य शेवटी आपण होऊन भेटीस आला. त्याच्या विनोदाने कोणाचे मन दुखविले नव्हते, याची याहून मोठी साक्ष कोणती?