केटी ट्रेल

अमेरिकेतील मिसूरी राज्यात, बंद झालेल्या लोहमार्गाच्या भरावावर तयार केलेली पायी व सायकलने हिंडण्याची वाट. सरकारी दप्तरी नाव केटी ट्रेल स्टेट पार्क. पश्चिमेस क्लिंटन गावापासून पूर्वेस सेंट चार्ल्स शहरापलीकडील माचेन्सपर्यंत ती जाते आणि बूनव्हिलपासून पुढे बहुतांशी मिसूरी नदीच्या काठाने राहते.

लांबीचे आकडे ग्रंथागणिक बदलतात. राज्याच्या पत्रकांत २४० मैल (सु. ३८६ किमी.), जुन्या पुस्तकांत २२५ मैल, काही ठिकाणी २३७.७ मैल. उलगडा मैलखुणांत आहे. राज्याने नवी मोजणी न करता रेल्वेच्याच मैलखुणा कायम ठेवल्या. त्यानुसार माचेन्स २६.९ वर, सेंट चार्ल्स ३९.५ वर आणि क्लिंटन २६४.६ वर येते. सेंट चार्ल्सपासून मोजले की २२५ आणि माचेन्सपासून मोजले की २३७.७. ‘देशातील सर्वांत लांब रेल-ट्रेल’ हे बिरुद मात्र जपून वापरावे. वॉशिंग्टन व नेब्रास्का राज्यांतील वाटांचेही तसे दावे आहेत, आणि ताब्यातला पट्टा मोजायचा की प्रत्यक्ष चालण्याजोगा तयार भाग, यावर उत्तर बदलते.

इतिहास : मूळ मार्ग मिसूरी–कॅन्सस–टेक्सस रेल्वे कंपनीचा. या कंपनीला लोक ‘केटी’ म्हणत, तेच नाव वाटेला मिळाले. नदीकाठचा भाग १८९० च्या दशकात बांधला गेला. काठाने सपाट जमीन मिळाली, पण नदी वारंवार मार्गावर चढत राहिली. ऑक्टोबर १९८६ च्या पुरात भराव ठिकठिकाणी वाहून गेला आणि सेडेलिया ते माचेन्स वाहतूक थांबली ती कायमची. शेअर-दलाली पेढीचे माजी प्रमुख एडवर्ड (टेड) जोन्स आणि त्यांच्या पत्नी पॅट जोन्स यांच्या सुमारे २२ लाख डॉलरच्या देणगीतून राज्याने मार्गाचे हक्क घेतले व बांधकाम सुरू केले. पहिला भाग १९९० मध्ये रोशपोर्ट येथे खुला झाला. त्याच वर्षी टेड जोन्स वारले. युनियन पॅसिफिक कंपनीने सेडेलियापासून क्लिंटनकडचा आणखी ३३ मैलांचा पट्टा १९९१ मध्ये दान केला. सेंट चार्ल्स ते माचेन्स हा शेवटचा तुकडा २०११ मध्ये जोडला गेला.

मार्गहक्काचा प्रश्न : या वाटेचे महत्त्व तिच्या निसर्गशोभेइतकेच तिच्या कायदेशीर पायात आहे. प्रवासी मार्गदर्शिकांत नेमका हाच भाग गाळला जातो, म्हणून येथे तो विस्ताराने दिला आहे.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांनी पुष्कळ जमीन मालकीने न घेता फक्त रेल्वे चालवण्याच्या हक्काने घेतली. रेल्वेने मार्ग सोडला की तो हक्क संपतो आणि जमीन बिनबोभाट शेजारच्या शेतमालकाकडे जाते. असा एक तुकडा जरी गेला तरी सलग मार्ग मोडतो, आणि एकदा नांगर फिरला की तो पुन्हा जुळवणे जवळजवळ अशक्य. हे टाळण्यासाठी १९६८ च्या राष्ट्रीय ट्रेल कायद्यात १९८३ मध्ये दुरुस्ती झाली. पुढेमागे रेल्वेला गरज पडल्यास मार्ग परत देण्याच्या अटीवर राज्याने किंवा एखाद्या संस्थेने तो वाटेसाठी वापरला, तर रेल्वेने तो सोडला असे धरायचे नाही, अशी ही तरतूद. तिला रेलबँकिंग म्हणतात. त्यामुळे कायद्याच्या नजरेत केटी ट्रेल ही रूळ उचललेली रेल्वेच आहे. उद्या गाडी परत येऊ शकते, या गृहीतावर आज माणसे तिच्यावरून चालतात.

काठच्या शेतकऱ्यांना हे मान्य नव्हते. गाडी बंद झाल्यावर जमीन घरी येईल असे पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेल्यांना ती सरकारकडे गेलेली दिसली. त्यांचा दावा संघीय अपील न्यायालयाने १९८९ मध्ये फेटाळला. पुढच्याच वर्षी व्हरमाँटमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली, पण मालकांना भरपाई मागण्याचा रस्ता मोकळा ठेवला. मिसूरीतील मालकांची जमीन सरकारने घेतल्यासारखेच झाले आहे, असे दाव्यांच्या न्यायालयाने २००० मध्ये म्हटले. वाट राहिली आणि शेतकऱ्यांच्या गाऱ्हाण्यातही तथ्य निघाले. या दोन्ही गोष्टी नोंदवल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही.

बूनव्हिल येथील मिसूरी नदीवरच्या रेल्वेपुलाचा वाद याच सूत्राचा. १९३२ मध्ये बांधलेल्या या पोलादी पुलाचा ४०८ फूट (सु. १२४ मी.) लांबीचा मधला गाळा बोटींसाठी सरळ वर उचलला जाई. वाहतूक थांबल्यावर तो वरच ठेवला गेला. पूल उतरवून त्याचे पोलाद ओसेज नदीवरील नव्या पुलासाठी वापरण्याचा रेल्वेचा बेत होता आणि राज्याच्या संबंधित खात्याने त्याला संमतीही दिली होती. महाधिवक्ता जे निक्सन त्याविरुद्ध न्यायालयात गेले. पूल गेला तर मार्ग सलग राहत नाही आणि रेलबँकिंगचा आधारच डळमळतो, ही त्यामागची भीती. निक्सन गव्हर्नर असताना २०१० मध्ये तोडगा निघाला आणि पूल बूनव्हिल शहराकडे आला. २०१६ पासून त्याच्या काही भागावर चालत जाता येते. गाळा वर असल्याने पलीकडे पोहोचता येत नाही. नदी ओलांडण्यासाठी शेजारचा रस्त्याचा पूल वापरतात.

मार्ग : क्लिंटन ते बूनव्हिल हा पश्चिम भाग उघड्या माळांचा आणि शेतीचा. चढउतार जाणवतात ते येथेच. विंडसरजवळ वाटेचा सर्वोच्च बिंदू आहे, पण त्याची उंची जेमतेम ९५५ फूट (सु. २९१ मी.). सेडेलियाचे दगडी स्टेशन जतन केलेले आहे. स्कॉट जॉप्लिनची ‘मेपल लीफ रॅग’ ही प्रसिद्ध पियानोरचना १८९९ मध्ये याच गावातून प्रकाशित झाली.

बूनव्हिलनंतर वाट नदीच्या उत्तर तीराला लागते. एका हाताला चुनखडीचे उभे कडे, दुसऱ्या हाताला नदी किंवा तिच्या गाळाची मका-सोयाबीनची शेते. रोशपोर्टच्या पश्चिमेस २४३ फूट (सु. ७४ मी.) लांबीचा, दगडी कमानीचा बोगदा लागतो. या संपूर्ण वाटेवर हा एकच बोगदा. त्याच परिसरात कड्यावर, एका झऱ्याच्या वरच्या अंगाला, मूळ रहिवाशांनी काढलेल्या लाल चित्रांचे थोडे अवशेष आहेत. पश्चिमेच्या शोधास निघालेली लुइस व क्लार्क यांची मोहीम ७ जून १८०४ रोजी येथून गेली तेव्हा क्लार्कने चित्रांची नोंद केली आणि जागा सापांनी भरलेली असल्याचेही लिहिले. यांतली बरीच चित्रे पुढे रेल्वेसाठी कडा फोडताना नष्ट झाली. आज वाटेवरून मान वर करून पाहिले तर खडकाच्या पिवळट पृष्ठावर गेरूसारखे फिकट डाग दिसतात. ज्या रेल्वेमुळे ही वाट मिळाली, तिनेच हे नुकसान केले आहे. मार्गदर्शिकांत त्याचा उल्लेख ठळकपणे व्हायला हवा.

मॅकबेनजवळ शेताच्या कडेला ओकचा अतिप्राचीन वृक्ष आहे. २०२० मध्ये त्याच्यावर वीज पडली. जेफरसन सिटी हे राजधानीचे शहर नदीपल्याड राहते. पुढे ऱ्हाइनलँड, मार्थासव्हिल, डुटझो, ऑगस्टा ही जर्मन वसाहतींची गावे. गॉटफ्रीड डूडेन याने १८२९ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध केलेल्या वर्णनामुळे या खोऱ्याकडे स्थलांतरितांचा ओघ लागला. द्राक्षशेती त्यांनी आणली. देशातील पहिला अधिकृत द्राक्षप्रदेश म्हणून १९८० मध्ये मान मिळाला तो ऑगस्टाला. सरहद्दीवरचा वाटाड्या डॅनिएल बून याचे दफन मार्थासव्हिलजवळ झाले. त्याच्या अस्थी नंतर केंटकीला नेल्या गेल्या की येथेच राहिल्या, याबद्दल एकमत नाही.

पायी प्रवास : बहुतेक लोक सायकलवर असतात. सबंध वाट पायी करणारे थोडे. रोज २० ते २५ किमी. चालल्यास पंधरा ते एकोणीस दिवस लागतात. रूळ उचलल्यावर भरावावर चुनखडीची बारीक खडी दाबून बसवली आहे. कोरडी असताना ती पायाला चांगली, पावसानंतर मात्र बुटांना पांढरट चिखल चिकटतो. रेल्वेला खडा चढ चालत नसल्याने वाटेतही तो नाही. सपाट चालीने सतत तेच स्नायू वापरले जातात आणि डोंगर चढणाऱ्यांचेही पाय येथे दुखतात. सावली नदीकाठी भरपूर, माळावर कमी. दोन गावांमधले काही टप्पे लांब आहेत आणि पाणी भरून घेतल्याशिवाय त्यांवर निघू नये. गावेही लहान. काहींत आज एकही दुकान नाही, म्हणून जेवणाची सोय आदल्या दिवशी विचारून ठेवावी. उद्यानाच्या हद्दीत तंबू ठोकण्यास मनाई आहे. मुक्काम गावातील खोल्यांत, खासगी तळांवर किंवा टेबेट्स येथील साध्या निवाऱ्यात. वाट सूर्योदय ते सूर्यास्त खुली असते. सेडेलिया, जेफरसन सिटी आणि हर्मन येथे सेंट लुइस–कॅन्सस सिटी प्रवासी गाडी थांबते. त्यामुळे वाटेचा हवा तो तुकडा चालून रेल्वेने परतता येते.

पूर : १९९३ च्या महापुरात तयार वाटेचा मोठा भाग पाण्याखाली गेला. ऱ्हाइनलँड गावाने नंतर आपली घरे उचलून टेकडीवर नेली.

अर्थकारण : राज्याच्या २०१२ च्या एका पाहणीनुसार वर्षाला सुमारे ४ लाख लोक वाट वापरत आणि १.८५ कोटी डॉलरची उलाढाल होई.

वन्यजीव : हरणे, रानटर्की, गरुड, कासवे.

जोडवाट : विंडसर येथे केटीला रॉक आयलंड ट्रेल मिळते. प्लेझंट हिलपर्यंतचा तिचा ४७ मैलांचा भाग डिसेंबर २०१६ मध्ये खुला झाला. विंडसरच्या पूर्वेकडील १४४ मैलांचा पट्टा २०२१ मध्ये राज्याकडे आला असून तो टप्प्याटप्प्याने तयार करायचा आहे. त्याचाही आधार रेलबँकिंग हाच.