एकशे अडुसष्टांतला एक

मोटारीची बॅटरी घरी उघडायची म्हटले की आजच्या मुलांना मोठे धाडस वाटते. आमच्या लहानपणी ते रस्त्याकडेचे काम होते. १९६०च्या दशकात बार्शीच्या एस.टी. स्टँडच्या बाजूला बॅटरीवाल्यांची दुकाने असत. बॅटरीची पेटी काळ्या कडक रबराची, वर डांबराचा थर, आणि एका सेलपासून दुसऱ्या सेलपर्यंत गेलेली शिशाची जाड पट्टी उघडी दिसायची. मिस्त्री एकेका सेलला मीटर टेकवून "मधला गेलाय" म्हणून सांगायचा. मग डांबर तापवून सोडवायचे, तेवढ्याच सेलच्या प्लेटा बदलायच्या आणि पुन्हा डांबर ओतायचे. पुढे प्लॅस्टिकची एकसंध पेटी आली, पट्ट्या आत गेल्या, आणि एक सेल गेला तरी अख्खी बॅटरी भंगारात घालायची पद्धत पडली. हा मेलेला धंदा पुन्हा जिवंत झाला तो कुठे, तर अमेरिकेतल्या घरांच्या गॅरेजमध्ये! तोही हायब्रिड गाड्यांमुळे.

हायब्रिड म्हणजे पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर एकाच गाडीत. कल्पना नवी नाही. व्हिएन्नाच्या लोनर कारखान्यात फर्डिनांड पोर्श या तरुणाने १९०० साली अशी गाडी बनवली होती (ज्याचे नाव पुढे शर्यतीच्या गाड्यांना लागले तोच हा). तिचे लॅटिन नाव 'सेम्पर व्हिव्हस', म्हणजे सदा जिवंत. पण शिशाच्या बॅटऱ्यांचे ओझे फार होते. त्यात १९१२ साली चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला, पेट्रोल गाडीला हँडल मारायचा त्रास संपला, आणि विजेवरच्या गाड्यांचे गिऱ्हाईक हळूहळू आटले.

हलकी आणि टिकाऊ बॅटरी मिळायला त्यानंतर कित्येक दशके गेली. त्यात मोठा वाटा स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की यांचा. ओहायोतल्या ॲक्रन गावचा हा माणूस, सुरुवात लेथवर काम करण्यापासून, कॉलेजची पदवी नाही. त्यांनी १९८२ साली बॅटरीची कंपनी काढली आणि निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी व्यवहारात आणली. हायड्रोजन टाकीत कोंडण्याऐवजी धातूच्या मिश्रणात मुरवून ठेवायचा, ही त्यातली खुबी. (विज्ञानाचा गंध नसलेल्या माझ्यासारख्या बी.ए.ला ओव्हशिन्स्कींची गोष्ट फार धीर देते. असो.)

टोयोटाने १९९३ साली प्रियसचे काम हाती घेतले. मुख्य इंजिनियर ताकेशी उचियामादा. १९९५च्या अखेरीस तयार झालेला पहिला नमुना ४९ दिवस जागचा हललाच नाही असे सांगतात. बॅटरी तापली की रुसायची, गारठली की रुसायची. अखेर डिसेंबर १९९७ मध्ये गाडी जपानमध्ये विक्रीला आली, म्हणजे क्योटो करार झाला त्याच महिन्यात.

२००३ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये मागच्या सीटच्या पाठीमागे २८ चपटे डबे एका ओळीत, दोन्हीकडून पट्ट्यांनी आवळून बसवलेले असत. प्रत्येक डब्यात ६ सेल, प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा. मुलांना घालावे असे गणित आहे: एकूण सेल १६८, एकूण व्होल्ट २०१.६. सगळे एकामागे एक जोडलेले. वर्गात पाच-सहा मुले कच्ची असली तरी सरासरी निकाल चांगला दाखवता येतो, आम्ही शिक्षकांनी ते वर्षानुवर्षे केले आहे. बॅटरीला सरासरी कळत नाही. एक सेल आधी रिकामा झाला की बाकीचे १६७ त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतात आणि तो आणखी बिघडतो. गाडीतला संगणक डब्यांच्या १४ जोड्यांवर नजर ठेवतो. एखादी जोडी फार मागे पडली की लाल त्रिकोण पेटतो आणि 'पी०ए८०' हा संकेत उमटतो. त्याचा अर्थ एवढाच की बॅटरीसंच बदला.

इथेच खरी गंमत आहे. संकेत म्हणतो सगळे बदला, आणि रचना सांगते की डबे सुटे आहेत, बोल्ट काढा. अमेरिकेत या बॅटरीची हमी ८ वर्षे किंवा १ लाख मैलांची होती, कॅलिफोर्नियात १० वर्षे किंवा दीड लाख मैलांची. त्यामुळे २०१२च्या आसपास पहिल्या गाड्या हमीबाहेर पडू लागल्या. नव्या संचाला काही हजार डॉलर, भंगारातल्या एका डब्याला पन्नासच्या आत. लोकांनी पाने-स्क्रूड्रायव्हर उचलले यात नवल ते काय?

कॅलिफोर्नियात राहणारा माझा भाचा असे जुने डबे आणून तपासतो, हा त्याचा शनिवार-रविवारचा छंद. मी तिकडे गेलो की स्टूल टाकून बघत बसतो. त्याचा पहिला नियम, "मामा, हात लावायचा नाही." संच गाडीतून काढताना आधी नारिंगी रंगाचा सुरक्षा-प्लग उपसायचा, हजार व्होल्टचे रबरी हातमोजे घालायचे आणि इन्व्हर्टरमधला साठलेला भार उतरेपर्यंत थांबायचे. प्लग काढला म्हणून वीज जात नाही, संचाचे फक्त तुकडे पडतात. त्या तुकड्यांतही माणूस मारण्याइतकी वीज असते. हे वाचून कोणी उत्साहाच्या भरात झाकण उघडू नये, म्हणून स्पष्ट लिहितो.

सुट्या डब्याची परीक्षा सोपी आहे. आधी मीटर लावायचा. आत एक सेल मेलेला असेल तर शेजाऱ्यांपेक्षा साधारण १.२ व्होल्ट कमी दिसतात. पण नुसते व्होल्ट फसवतात. म्हणून हेडलाइटचा बल्ब जोडून दोन मिनिटे पेटवायचा आणि काटा किती घसरतो ते पाहायचे. खचलेला डबा तिथे पकडला जातो.

बऱ्याचदा दोष डब्यात नसतोच. त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढलेला असतो. तो घासून काढला की वाचन सुधारते. किंवा थंड हवा खेचणारा पंखा धुळीने आणि पाळीव कुत्र्याच्या केसांनी बुजलेला असतो. सीटच्या शेजारची ती जाळी साफ करणे हे सर्वात स्वस्त औषध, आणि तेच कोणी करत नाही.

एक डबा बदलून 'बॅटरी दुरुस्त' म्हणून गाडी विकणाऱ्यांची मात्र मला चीड येते. उरलेले २७ त्याच वयाचे असतात. आज हा, सहा महिन्यांनी तो. प्रामाणिक काम करायचे तर सगळे डबे अनेकदा भरून-रिकामे करून त्यांची कुवत मोजावी लागते आणि सारख्या कुवतीचे डबे एकत्र बसवावे लागतात. त्याला आठवडे लागतात.

मुळात या बॅटऱ्या इतकी वर्षे टिकल्या त्याचे श्रेय बनवणाऱ्यांना. संगणक बॅटरीला साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मध्येच खेळवतो, कधी पूर्ण भरू देत नाही की उपाशी ठेवत नाही. दोन लाख मैल धावलेल्या २००२च्या एका प्रियसची 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने २०११ साली चाचणी घेतली, तेव्हा तिचे मायलेज जवळपास नव्या गाडीइतकेच भरले.

भारतात प्रियस २०१० साली आली, पण बाहेरून आणलेली आणि महाग, त्यामुळे रस्त्यावर क्वचितच दिसली. आता बऱ्याच गाड्यांत लिथियमच्या बॅटऱ्या आहेत. त्या चुकल्या तर पेट घेतात, आणि काही नव्या रचनांत सेल गोंदाने चिकटवून टाकतात, म्हणजे सोडवायला बोल्टच नाही. भाच्याने त्यांच्या वाटेला जायचे नाही असे ठरवले आहे. त्याच्या गॅरेजमधल्या फळीवर निकेलचे तेवीस डबे ओळीने मांडलेले आहेत, प्रत्येकावर मार्करने तारीख आणि कुवत लिहिलेली.